पैसा केंद्राचा, आडकाठी राज्याची

प्रश्न : अमेरिकेत केंद्र सरकार खेडोपाडी ब्रॉडबँड नेण्यासाठी पैसा ओततं आणि काही राज्यं नगरपालिकांना तीच सेवा द्यायला आडकाठी करतात. केंद्राचा कायदा वरचढ ना? मग हे चालतं कसं?

उत्तर : वरचढ खराच, पण तिथे नगरपालिका ही राज्याचीच निर्मिती मानतात. राज्यांनी ‘कोणत्याही संस्थेला’ दूरसंचार सेवा देण्यापासून अडवू नये, असं १९९६चा कायदा सांगतो. या ‘कोणत्याही’त राज्याच्या स्वतःच्या नगरपालिका येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४मध्ये मिसुरीच्या खटल्यात ठरवलं. घोडं अडलं ते तिथेच. २०१५मध्ये एफसीसी या केंद्रीय नियामकानं टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाचे निर्बंध ३ विरुद्ध २ मतांनी झुगारले. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयानं तो आदेश रद्द केला. राज्य आणि त्याची नगरपालिका यांच्यामध्ये पडायचा अधिकार अमेरिकी संसदेनं (काँग्रेसनं) स्पष्ट शब्दांत दिलेला नाही, हे त्याचं कारण.

परिणाम पाहायचा तर नॉर्थ कॅरोलायनातलं पाइनटॉप्स पाहा. या गावाला वीज विल्सन शहराची, पण काउंटी (जिल्हा) वेगळी, आणि राज्याच्या कायद्यानं विल्सनला आपल्या काउंटीबाहेर सेवा विकायला बंदी. विल्सननं तिथवर फायबर नेलं आणि निकालानंतर सेवा विकणं बेकायदा ठरलं. कायद्यात बंदी विक्रीला होती, म्हणून शहरानं काही महिने ती चक्क फुकट दिली! २०१७मध्ये विधिमंडळानं सवलत दिली. तीही खासगी कंपनी येईपर्यंतच.

प्रश्न : २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यानं तरी हा तिढा सुटला का?

उत्तर : अर्धाच. त्यातल्या ४२.४५ अब्ज डॉलरच्या ब्रॉडबँड योजनेत राज्यांनी नगरपालिकांना अर्जदार म्हणून वगळायचं नाही, अशी अट आहे. मात्र राज्यांचे जुने निर्बंध तिनं रद्द केले नाहीत. ते बाजूला ठेवा, असं वाणिज्य खात्यानं २०२२मध्ये सुचवलं, सक्ती केली नाही.

त्यामुळे अर्जाआधी राज्याचा कायदा तीन मुद्द्यांवर वाचावा लागतो : हद्दीबाहेर सेवा देता येते का, दरावर बंधन आहे का, कर्जासाठी सार्वमत लागतं का. तिसरा मुद्दा हमखास नडतो. खर्चाचा साधारण २५ टक्के वाटा अर्जदारानं उचलायचा असतो. तो कर्जातून येणार असेल आणि मतदान अर्जाच्या मुदतीनंतर होणार असेल, तर हाती काहीच उरत नाही. बंदी थेट ग्राहकाला विकण्यापुरती असेल, तर नुसती फायबर टाकून ती खासगी कंपनीला भाड्यानं देण्याची वाट तेवढी राहते. नेब्रास्कातल्या सार्वजनिक वीजसंस्थांना तशी मुभा आहे.