सर्किट सिम्युलेशन अगदी पहिल्यापासून शिकायचं आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रोटियस, मल्टिसिम, एलटीस्पाइस, टिंकरकॅड अशी नावं ऐकून गोंधळ उडालाय, आणि एलटीस्पाइस उघडलं तरी त्या रिकाम्या पानावर काय करायचं ते सुचत नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दर वर्षी मुलं हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्किट सिम्युलेशन म्हणजे खरे भाग न जोडता सर्किट कसं वागेल ते कॉम्प्युटरवर काढून बघणं. त्याचं सॉफ्टवेअर निवडण्यात फार वेळ घालवू नका. एलटीस्पाइस डाउनलोड केलंच आहे ना, मग तेच ठेवा. फुकट आहे, आणि सर्किट कितीही मोठं असलं तरी अडवत नाही. आपल्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेलं ई-सिम हेही मोफत आणि मुक्त आहे. त्याच्या आत गणित करायला एनजीस्पाइस हा मुक्त प्रोग्राम चालतो. या बहुतेकांचं मूळ एकच आहे: अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९७३च्या सुमारास लॉरेन्स नेगल यांनी प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला स्पाइस हा प्रोग्राम. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वाया जात नाही. फक्त आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डचा प्रोग्राम तपासायचा असेल तर टिंकरकॅड बरं. आणि करंट म्हणजे काय हेच अजून नजरेसमोर येत नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारा फाल्स्टॅडचा सिम्युलेटर उघडा. तारांमधून पिवळे ठिपके सरकताना दिसतात, ते थोडे दिवस नुसतं बघत बसलात तरी फायदा आहे.

आता खरं महत्त्वाचं. रनचं बटण दाबण्याआधी उत्तर काय येणार ते वहीत लिहायचं. आलेख पाहून ‘हां, असंच असेल’ म्हणणारा मुलगा वर्षभर सिम्युलेशन करूनही काही शिकत नाही, हे मी वर्गात सतत बघते.

पहिलं सर्किट अगदी छोटं घ्या: १ किलोओहमचा रेझिस्टर, १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ० वरून ५ व्होल्टवर उडी मारणारा पल्स सोर्स. टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर, १ मिलिसेकंद. एवढ्या वेळात कॅपॅसिटर ६३ टक्के भरतो, म्हणजे उडीनंतर १ मिलिसेकंदाने कॅपॅसिटरवर ३.१६ व्होल्ट असायला हवेत. हे लिहा, मग ट्रान्झियंट अ‍ॅनालिसिस (वेळेनुसार व्होल्टेज कसं बदलतं ते) १० मिलिसेकंदांचं लावा आणि तारेवर क्लिक करून तो आकडा शोधा. मग त्याच सर्किटला एसी अ‍ॅनालिसिस (फ्रिक्वेन्सीनुसार आउटपुट कसं बदलतं ते) लावा. १५९ हर्ट्झला आउटपुट ३ डेसिबलने खाली आलेलं दिसलं पाहिजे. एवढ्या दोन भागांत अर्धं सॉफ्टवेअर शिकून होतं.

इथेच दोन गोष्टी छळतात. स्पाइसमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक नसतो, त्यामुळे एम म्हणजे नेहमी मिली. १ मेगाओहम हवा असेल तर ‘मेग’ (MEG) अशी तिन्ही इंग्रजी अक्षरं लिहावी लागतात, नाहीतर तिथे १ मिलिओहम बसतो आणि सर्किट जवळजवळ शॉर्ट होतं. तसंच कॅपॅसिटरच्या किमतीपुढे फॅरडचा एफ लिहू नका. आकड्याला लागून आलेला एफ म्हणजे फेम्टो. दुसरी गोष्ट ग्राउंड. प्रोग्राम प्रत्येक जोडावर किरचॉफचा नियम मांडून समीकरणं सोडवतो, आणि सगळे व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचे हे त्याला ग्राउंडवरून कळतं. ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा संदेश आला की आधी ग्राउंड बघा, मग कुठली तार लोंबकळते आहे का ते बघा.

दुसरं सर्किट पॉवर सप्लायचं करा, कारण ते तुम्ही लॅबमध्ये हाताने जोडलेलं असतं. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, १००० मायक्रोफॅरड, १०० ओहमचा लोड. ट्रान्सफॉर्मरच्या जागी साइन सोर्स ठेवा. त्याला पीक म्हणजे शिखराचं व्होल्टेज द्यायचं असतं, ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं आरएमएस नाही, म्हणून तिथे १२ नव्हे, १७ लिहा. ग्राउंड आउटपुटच्या निगेटिव्हला द्या. सोर्सच्या एका टोकालाही ग्राउंड दिलंत तर ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो आणि अर्ध्या सायकलमध्ये अचाट करंट वाहतो. अंदाज असा: दोन डायोडचे दीड व्होल्ट गेले, उरले साडेपंधरा, लोडचा करंट साधारण दीडशे मिलिअँपिअर. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून कॅपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो, आणि रिपल, म्हणजे आउटपुटमधला चढउतार, दीड व्होल्टच्या आसपास निघतो. सिम्युलेशनमध्ये थोडा कमी दिसेल, कारण कॅपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नसतो. सोर्सला वायंडिंगचा म्हणून १ ओहम सिरीजमध्ये जोडा आणि आता डायोडवर क्लिक करून करंट बघा. लोड दीडशे मिलिअँपिअर घेत असताना डायोडमधून झटक्याझटक्याने त्याच्या कितीतरी पट करंट जातो. फळ्यावर हे कितीही वेळा काढून दाखवलं तरी मुलांच्या डोक्यात बसत नाही, पण तो आलेख एकदा पाहिला की बसतं.

तिसरं, माझ्या सगळ्यात आवडीचं: दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर घेऊन केलेला अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर, म्हणजे दोघे आळीपाळीने आपोआप चालू-बंद होत राहणारं सर्किट. बेसला ४७ किलोओहम, कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरड, कलेक्टरला १ किलोओहम. हिशेबाने सेकंदाला साधारण दीड वेळा उघडझाप व्हायला हवी. पण सिम्युलेटरमध्ये तो बऱ्याचदा सुरूच होत नाही! तिथे दोन्ही ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असतात आणि नॉइज शून्य असतो, त्यामुळे दोघेही समतोल धरून बसतात. ब्रेडबोर्डवर असं कधी होत नाही, कारण दोन भाग कधीच हुबेहूब नसतात. एक रेझिस्टर ४७ चा ४८ करा आणि सप्लाय शून्यापासून चढवा.

सुरू झाला की बेसचं व्होल्टेज बघा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते उणे आठच्या आसपास जातं. डेटाशीट (कंपनीने दिलेला त्या भागाच्या मर्यादांचा तक्ता) उघडा: बीसी५४७ च्या एमिटर-बेसला उलटे फार तर ६ व्होल्ट चालतात. त्यापुढे जंक्शन उलट दिशेने करंट सोडू लागतं, ते ब्रेकडाउन. प्रचलित ट्रान्झिस्टर मॉडेलमध्ये हे ब्रेकडाउन सहसा धरलेलंच नसतं, म्हणून सॉफ्टवेअर निमूटपणे उणे आठ दाखवतं. खऱ्या सर्किटमध्ये ते जंक्शन ब्रेकडाउनमध्ये जातं, वेळाचं गणित बदलतं आणि पुढे ट्रान्झिस्टरचा गेनही उतरू शकतो. ५ व्होल्टवर चालवलं तर हा त्रास नाही. रेझिस्टरशिवाय जोडलेल्या एलईडीचंही तसंच आहे. स्पाइसमध्ये ती जळत नाही, नुसता मोठा करंट दिसतो. म्हणून डेटाशीट कायम शेजारी उघडी ठेवा. एलटीस्पाइसमध्ये आल्ट की दाबून एखाद्या भागावर क्लिक केलं की त्यात किती पॉवर खर्च होते ते कळतं. ती त्या भागाच्या मर्यादेशी ताडून बघा.

यूट्यूबबद्दल म्हणाल तर एखादा व्हिडिओ मेनू समजण्यापुरता बघा, पण त्यातलं सर्किट उतरवून काढू नका. लॅबमध्ये या आठवड्यात जे जोडलंत तेच घरी आल्यावर काढा, आणि मल्टिमीटरचं रीडिंग व आलेखाचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक आला की कारण शोधा. बहुतेक वेळा रेझिस्टरचा टॉलरन्स (छापील किमतीपेक्षा असू शकणारा फरक) किंवा सॉफ्टवेअरने आपणहून घेतलेला आदर्श डायोड निघतो. त्यावर राइट क्लिक करून १एन४१४८ सारखा खरा डायोड निवडा.

कॉलेजने प्रोजेक्टसाठी प्रोटियसच मागितलं तर घाबरू नका. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम आणि सर्किट एकत्र चालवायला ते सोयीचं आहे, आणि अ‍ॅनालॉग भागासाठी त्याच्याही आत स्पाइसच आहे. अस्टेबल सुरू झाला नाही तर सर्किटमधल्या सगळ्या किमती इथे कमेंटमध्ये लिहा, मी बघेन.