चार इसा आणि बारा

मस्कतहून एका आईचं पत्र आलंय. माणसं मूळची कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली, चौदा वर्षं आखातात. लेक इथं कोल्हापुरात आजीजवळ राहून इंजिनिअरिंग करतेय, तिसऱ्या वर्षाला आहे आणि जानेवारीत एक सेमिस्टर एक्स्चेंजवर फ्रान्सला निघालीय. पत्र पाच पानी. त्यात थंडी आहे, तूप आहे, व्हिसा आहे, पोरं आहेत, पैसे आहेत. आणि तिसऱ्या पानावर, कंसात, जाता जाता टाकलेलं एक वाक्य: '(फ्रेंचचा तसा प्रश्न नाही काकू, कोर्स सगळा इंग्रजीतच आहे.)'

मी चहाचा कप खाली ठेवला. बाकीचं नंतर बघू, तेही थोडक्यात. आधी हा कंस.

खरं तर कंसाच्याही आधी गावाचं नाव. तुम्ही पाच ठिकाणी 'लायन' लिहिलंय. ते ल्यों. गावाच्या चिन्हावर खरोखरच सिंह आहे, त्यामुळे मला तुम्हाला फार बोलता येत नाही. पण लेकीला निदान उतरायचं कुठं ते नीट म्हणता यावं.

१९९७ च्या फेब्रुवारीत आम्ही ल्योंला चिकटून असलेल्या विलरबानमध्ये राहायला गेलो. ह्यांचं ऑफिस होतं, ऑफिसात इंग्रजी होतं, म्हणजे 'फ्रेंचचा तसा प्रश्न नव्हता'. दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात शिरले, बोट दाखवलं आणि म्हटलं, "वन ब्रेड, प्लीज." काउंटरमागची बाई म्हणाली, "बोंजूर, मादाम." मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं, "वन ब्रेड." पुन्हा तिचं "बोंजूर, मादाम", या वेळी जरा सावकाश, लहान पोराला सांगावं तसं. पाव तिच्या हातात, पण माझ्या हातात येईना. मागं रांग. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं "बोंजूर" निघालं, तशी तिनं पाव कागदात गुंडाळला आणि चक्क हसली. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, बाई महामग्रूर आहे.

मग्रूर कोण होतं हे कळायला मला दीड वर्ष लागलं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन कुणी नुसतं बोट दाखवून "एक ग्लास" म्हणालं तर आपल्याला कसं वाटेल? आधी "काय मामा, बरं हाय का?", मग ग्लास. तिथंही तेच आहे. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरच्या खोलीत शिरलं की आधी बोंजूर, मग काम. ते म्हटलं नाही तर पुढचं तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, दार अर्धंच उघडतं.

आणि डॉक्टरचं काय सांगू! आमचा थोरला चार वर्षांचा होता, तो शाळेत गेला आणि दिवाळीपर्यंत घडाघडा बोलायला लागला. मी आपली "बोंजूर, मेर्सी". मग बाईमाणसाच्या पोटाच्या तक्रारी डॉक्टरला कोण सांगणार, तर ते पोरगं. एकदा त्यानं काय सांगितलं देव जाणे, मला खोकल्याचं औषध मिळालं.

तुमच्या पत्रात पुढं लिहिलंय: 'पुण्याच्या चार मुली आधीच तिथं आहेत. त्यांच्याच फ्लॅटमध्ये सोय लावलीय, म्हणजे मला घोर नाही.' तुम्हाला नसेल, मला लागलाय. माझा पुतण्या ग्रनोब्लला एक्स्चेंजला गेला होता. अशीच सोय लावून गेला, फ्लॅटमध्ये हा आणि चार हैदराबादची पोरं. सहा महिन्यांनी परत आला तेव्हा फ्रेंच शून्य, तेलुगू मात्र झकास. स्टेशनवर गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला ती घोषणा त्याला शेवटपर्यंत कळली नाही. लोक पळाले की हा पळायचा. मला तेलुगूचं वाईट वाटत नाही, पण तेवढ्यासाठी आल्प्सच्या पायथ्याशी जायची गरज नव्हती.

रागावू नका, पण तुम्ही चौदा वर्षं मस्कतात आहात. अरबी 'शुक्रान'च्या पुढं किती गेलं? मी हे कुणाला टोचायला विचारत नाही. आपण सगळेच असे राहिलो. महाराष्ट्र मंडळ, गणपती, एकमेकांकडे शनिवारचं जेवण, आणि त्या गावाची भाषा आपल्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवलेली. आपल्याला संसार रेटायचा होता, त्यामुळे ते खपून गेलं. लेकीजवळ मोजून पाच-सहा महिने आहेत.

तर सांगते काय करायचं. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळत असेल तर ती घ्यावी. खोली एवढीशी असते, पण मजल्यावरचं सामाईक स्वयंपाकघर सोन्याचं. संध्याकाळी तिथं कुणाचा पास्ता उतू जातो, कुणाला मीठ हवं असतं, आणि भाषा तिथं शिकली जाते. नाहीच मिळाली, तर तिथल्या मुलांबरोबर भागीदारीत फ्लॅट. पुण्याच्या मुलींना रविवारी भेटावं, पिठलं करावं, पोटभर मराठी बोलावं.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फ्रेंचचे वर्ग असतात. सुरुवातीलाच चाचणी घेऊन पातळी ठरवतात, तो दिवस चुकवू नये. युरोपात एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात, आणि पुष्कळदा त्यातली थोडी या भाषेच्या वर्गाची मिळतात. इथल्या कॉलेजकडून कुठले विषय धरणार ते निघायच्या आधी सहीनिशी लिहून घ्यायचंच आहे, त्यात हाही घालायला सांगा. शिवाय जोडी जमवता येते. तिथल्या एखाद्या मुलीला इंग्रजी सुधारायचं असतं. एक तास इंग्रजी, एक तास फ्रेंच, मध्ये कॉफी. आणि हिचा उच्चार ऐकून समोरचा माणूस इंग्रजीत वळला की म्हणायचं, "आं फ्रांसे, सिल वू प्ले." फ्रेंचमध्ये बोला की! लोक थांबतात, सावकाश बोलतात. माझ्यासाठी त्या पाववाल्या बाईनंच सगळ्यात जास्त वेळ घातला, हे आता कबूल करते.

'तिला भाषेचं अंग नाही,' असं तुम्ही लिहिलंय. कोल्हापूरच्या पोरीला? अहो, फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला, अनोळखी माणसाला 'वू' म्हणतात आणि दोस्ताला 'त्यू'. इंग्रजीवर वाढलेल्या पोरांना हे डोक्यात बसवायला महिने लागतात. आपल्याकडे "जेवलासा का?", "कधी आलासा?" यातला जो 'सा' आहे ना, तोच त्यांचा वू. ज्याला आपण 'सा' लावू त्याला वू, ज्याला 'काय रं' म्हणू त्याला त्यू. संपलं व्याकरण.

दुसरं, 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फ्रेंच लोक लिहिताना फरक करतात, बोलताना दोन्ही एकसारखंच ऐकू येतं. आपल्या पोरी तर जन्मापासून "मी गेलो, मी जेवलो" म्हणतात आणि पुण्याची माणसं हसतात. तिथं कुणी हसणार नाही.

आणि आता आकडे, ज्यांनी मला रडवलं. घरात नळ फुटलेला. घरमालकीण फोनवर नळवाल्याचा नंबर सांगत होती. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. ती म्हणाली "कात्र-वें-दूझ", मी लिहिलं चार, वीस, बारा. फोन भलत्याच माणसाला लागला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पायाखाली पाणी, आणि मी कागदाकडे बघत उभी. तेव्हा एकदम माझी कागलकडची आजी आठवली. ती शेण्या मोजायची. विसांचा एक ढीग झाला की बाजूला सारायची, आणि शेवटी म्हणायची, "चार इसा नि बारा." म्हणजे ब्याण्णव! कात्र म्हणजे चार, वें म्हणजे वीस, दूझ म्हणजे बारा. माझ्या आजीचाच हिशोब, नुसता नाकातून. आम्ही शाळेत गेल्यावर तिच्या इशांना हसायचो, गावंढळ म्हणायचो.

तिथं सत्तरला 'साठ-दहा' म्हणतात, ऐंशीला 'चार इसा', नव्व्याण्णवला 'चार इसा एकोणीस'. (जिनिव्हा रेल्वेनं दोनेक तासांवर, तिथं सत्तरला आणि नव्वदला सरळ स्वतंत्र शब्द आहेत. स्विस लोकांना वेळ वाया घालवलेला चालत नाही.) तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांना इसा नक्की येत असतील. रोज रात्री आजी-नातीनं शंभरापर्यंत मोजावं. ॲपपेक्षा बरं.

बोलायला विषय काय, तर तोही पोरीच्या पायाशी पडलाय. ल्योंच्या मोंप्लेझिर भागात सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्यूमिएर बंधूंच्या वडिलांचं घर आहे, आता संग्रहालय. या भावांनी १८९५ साली आपल्याच कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार कॅमेऱ्यात टिपले, ते तिथंच. आणि हिच्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली. एवढं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं तरी समोरचा खुर्ची ओढून बसेल. आमच्या थोरल्यानं शाळेत हे सांगितलं होतं तेव्हा त्याच्या बाईंनी घरी निरोप पाठवला, की आईला येऊन वर्गाला सांगता येईल का. मी गेले नाही. बोलायला येत नव्हतं ना.

आता तुमचा फोन. 'सकाळी एकदा आणि रात्री आठला एकदा व्हिडिओ कॉल ठरलाय.' हिवाळ्यात ल्यों तुमच्या मस्कतच्या तीन तास मागं असतं. म्हणजे तुमचे रात्रीचे आठ ते तिच्या संध्याकाळचे पाच. वर्ग सुटून पोरं "चल, कॉफी घेऊ" म्हणतात ती नेमकी वेळ. तेव्हा तुमची लेक कोपऱ्यात उभी राहून "जेवलीस का, स्वेटर घातलास का" याला उत्तरं देत असणार. चार वेळा नाही म्हटलं की पाचव्यांदा कुणी बोलावत नाही. रविवारी दुपारी निवांत तासभर बोला. त्या दिवशी तिथली बरीचशी दुकानंही बंद असतात, कुठं जायचं नसतं. अधलेमधले दिवस 'पोचले', 'जेवले' एवढा मेसेज पुरे. मला माहीत आहे हे अवघड आहे. आमची धाकटी शिकायला माँट्रियलला गेली तेव्हा मी पहिला आठवडा फोन देवघरात ठेवून स्वयंपाक करत होते.

राहिलेलं भराभर. तूप, पेढे, खवा, मटणाचं लोणचं, काही देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येताना सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. ताजा कढीपत्ताही नको. कांदा-लसूण चटणी नीट सीलबंद करून एक किलो, पाच नव्हे. डाळ, हळद, तांदूळ गियोतिएर भागातल्या दुकानांत सगळं मिळतं. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये साडेतीन युरोंच्या आत अख्खं जेवण होतं, आणि हल्ली शाकाहारी ताटही असतं. थंडी असते, पण बर्फात गाडली जाणार नाही. कोट इथून घेऊ नका, जानेवारीतच तिथं सेल लागतात. व्हिसाच्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचायला सांगा. काही व्हिसे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवावे लागतात. खोलीचा ताबा घेताना भिंतीवरचे डाग, तुटका नळ सगळं कागदावर उतरवून फोटो काढून ठेवायचे, नाहीतर डिपॉझिट जातं. आमचं एकदा गेलं. संप झाला की गाड्या बंद असतात, घाबरायचं नाही. पोरांचं म्हणाल, तर वीस वर्षांची मुलगी आहे आणि कोल्हापुरात एकटी स्कूटरवरून हिंडते. त्यावर मला जास्त काही म्हणायचं नाही.

निघायला अजून सात आठवडे आहेत. रविवारी सकाळी दहाला तिला माझ्याकडे मंगळवार पेठेत पाठवा, दर रविवारी. पैसे नकोत, येताना आजीला घेऊन आली तर फार बरं, मला त्यांच्याशी इसांवर बोलायचंय. फक्त तिला एवढं सांगून ठेवा, की दार मी उघडेन, पण तिनं आधी बोंजूर म्हटल्याशिवाय उंबऱ्यातून बाजूला होणार नाही.