लँडिंग पेज दाखवण्याआधी एवढं तपासून घे

तू बनवलेलं लँडिंग पेज, म्हणजे लिंकवर क्लिक केल्यावर पहिलं उघडणारं पान, कोणाला दाखवून नुसतं ‘पेज कसं वाटतंय?’ विचारलंस तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. पेज कोणासाठी आहे, त्यांनी कोणतं बटण दाबायला हवं आणि तुला शंका कुठे आहे, हे आधी सांग. स्क्रीनशॉट नको, चालू लिंक दे. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर पान कसं चालतं ते चित्रात दिसत नाही.

त्याआधी ब्राउझरची रुंदी ३२० पिक्सेलवर आण. पान आडवं सरकतंय? बहुतेक वेळा एखाद्या चित्राला किंवा डब्याला पिक्सेलमध्ये ठरावीक रुंदी दिलेली असते. चित्रांना मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) १०० टक्के दे. ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेला भाग लपवणारा नियम) लावून दोष झाकू नकोस, मजकूर कापला जातो.

मग फक्त टॅब दाबत जा. आपण कुठे आहोत ते दिसेनासं झालं, तर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) आउटलाइन, म्हणजे निवडलेल्या घटकाभोवतीची चौकट, बहुधा काढून टाकलेली असणार. ती परत आण. डिव्हला (साध्या डब्याच्या टॅगला) क्लिक लावून केलेलं ‘बटण’ टॅबला सापडतच नाही, तिथे खरा बटण टॅगच हवा.

फिकट राखाडी अक्षरं मोहक दिसतात, पण साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो. पांढऱ्यावर #७७७ रंग ४.४८ वरच अडकतो, म्हणजे नापास. फॉर्ममध्ये प्लेसहोल्डरला (रकान्यातल्या फिकट सूचनेला) लेबल, म्हणजे रकान्याचं नाव, समजू नकोस. टायपायला लागलं की ते गायब होतं.

मराठी पान असेल तर एचटीएमएल टॅगमध्ये लँगची (पानाची भाषा सांगणाऱ्या गुणधर्माची) किंमत ‘mr’ ठेव, नाहीतर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चुकीचा आवाज निवडू शकतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेव, म्हणजे ‘र्की’सारख्या अक्षरांवरचे रफार-वेलांटी वरच्या ओळीला भिडत नाहीत.