फवारलं, नांगरलं, तरी पहिल्या पावसात गाजरगवत परत का येतं

दादा, तुमची पोस्ट वाचली, फोटो झूम करून पाहिले. उन्हाळ्यात फवारणी, मग ट्रॅक्टरनं खोल नांगरट, रान काळंभोर, आणि जूनचा पाऊस झाल्यावर परत सगळं हिरवंगार. गावात म्हणतायत औषध डुप्लिकेट निघालं. मला नाही तसं वाटत. औषधानं उभं झाड मेलंच असेल, पण जमिनीतल्या बियाला त्याचं काय? एक मोठं झाड १५-२० हजार बी सहज टाकतं.

खेळ सगळा ओल, उजेड आणि खोलीचा आहे. हे बी २ इंचांखालून सहसा वर येत नाही, पण मरतही नाही, खाली वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वर पडलेलं बी ओल मिळाली की उगवतं नाहीतर लवकर खराब होतं. म्हणजे खोल नांगरट केली की ताजं बी खाली पुरलं जातं आणि जुनं वर येतं. वर आलं की त्याला उजेड मिळतो, मग फक्त पावसाची वाट. तीही भुरभुर नाही, चांगली भिजवणी लागते, कारण बियाच्या टरफलात उगवण रोखणारी द्रव्यं असतात ती पाण्यानं धुऊन जावी लागतात. म्हणून वळवाच्या एका सरीनं कधीकधी काहीच होत नाही आणि झड लागली की एकदम गालिचा. तापमान ८ ते ३० अंश चालतं, २२-२५ ला सगळ्यात जोरात. आपल्याकडं थंडीतही दिवसा तेवढं असतंच, तेव्हा पाणी दिलेल्या रानात याला हंगाम असा नाहीच.

आता माझं दुखणं. आमचं रान चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टेलला, अगदी शेवटच्या टोकाला. वर चारीच्या दोन्ही काठांना काँग्रेस, म्हणजे हेच गाजरगवत, कमरेएवढं वाढलेलं. फुलायच्या आधी काढा म्हणून ज्या कार्यालयाची ती चारी तिथं अर्ज दिला. साहेब म्हणाले आमच्याकडं पाणी सोडायचं काम, सफाई दुसऱ्या शाखेकडं. दुसऱ्या शाखेत म्हणाले मंजुरी वरून यायचीय. पोच मिळाली, गोल शिक्कासुद्धा मिळाला, आणि जेसीबी कधी आला तर फुलं वाळून बी झडल्यावर, रब्बीच्या आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या, तोंडावर! त्यानं काठ खरवडले, चारीतला गाळ उपसला आणि आणून लावला आमच्या बांधाला. गाळात दडलेलं सगळं बी उजेडात, वर आवर्तनाची ओल, हवाही थंड. वरून चारीच्या पाण्याबरोबर वाहत आलं ते वेगळंच. सरीतल्या फेसात बोटानं चाळून बघा, काळं बारीक, २ मिलिमीटरचं बी दिसतं, दोन्ही कडांना पिवळट पापुद्रे, त्यावरच ते तरंगतं. कांद्याची लागण झाली आणि कांद्याच्या आधी काँग्रेस. खुरपायला बायका मिळेनात, हाताला मानेला खाज सुटते म्हणून, मिळाल्या त्यांची मजुरी कांद्याला परवडेना. विचारायला गेलो तर म्हणे गाळ काढून दिला ना, आता काय. खार खाऊन लिहितोय म्हणाल तर हो, खातोय.

तुम्ही काय करा, हे माझं मत, मी कृषी अधिकारी नाही, भारी काळ्या रानाचा अनुभव आहे, तुमच्या मुरमाड जमिनीत उन्नीस-बीस होईल. यंदा परत नांगर घालू नका. पुढच्या पेरणीआधी पाणी देऊन ते उगवूच द्या, दोन-चार पानांवर आलं की वखराची उथळ पाळी, जमलं तर अजून एकदा तसंच. वखर खोल घातला की परत पहिले पाढे. उसाचं पाचट जाळत असाल तर ते बंद करा, सरीत जाड पसरा, उजेड अडला की याची उगवण फार कमी होते. ड्रिप असेल तर उत्तम, जिथं ओल नाही तिथं ते गप्प बसतं. बांधावर तरोट्याचं, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याचं, बी फेका, तो दाट माजला की गाजरगवताला जागा देत नाही. चारीचं पाणी घेत असाल तर तोंडाशी जुनी शेडनेट आडवी लावा, दर पाळीला झटकायची, कटकट आहे पण करा.

गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांचं कोणी सुचवलंय खाली कमेंटमध्ये. ते १९८४ ला बंगळुरूत सोडले होते, पावसाळ्यात पानं झकास खातात, पण जमिनीतल्या बियाला तोंड लावत नाहीत आणि उन्हाळ्यात स्वतःच मातीत जाऊन बसतात. त्यांच्यावर एकट्यावर भिस्त नको.

आणि कंपोस्ट करायचं तर फुलायच्या आधीचंच. फुललेलं खड्ड्यात टाकलं आणि खड्डा नीट तापला नाही तर तेच बी शेणखतातून गाडी भरून परत रानात जातं. विकतचं शेणखत घेताना उकिरड्यावर काय उगवलंय ते आधी बघून या. उपटताना हातमोजे घाला, दम्याचा त्रास असेल तर तुम्ही जाऊच नका, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.