पालिकेच्या पॅनेलवर नवीन आलेल्या वकिलास

शिवाजीनगर कोर्टात उभं राहण्याआधी एकदा जागेवर जाऊन ये. अनधिकृत बांधकामाची फाइल आली की कनिष्ठ अभियंत्याला सोबत घे आणि मापं स्वतः बघ. नोटीस १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम २६० ची आहे की १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, हे आधी तपास. दोन्हींची वाट वेगळी. नोटीस बजावल्याबरोबर कॅव्हेट टाक, म्हणजे आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा कोर्टात अर्ज. ते ९० दिवसच चालतं, डायरीत तारीख लिहून ठेव.

पंचनामा मात्र ओळ न् ओळ वाच. माझ्या एका प्रकरणात तारखेवर खाडाखोड होती, पंचांची सही दुसऱ्याच शाईत. समोरच्या वकिलांनी तो कागद न्यायाधीशांपुढे धरला आणि त्याच दिवशी पाडकामावर मनाई हुकूम मिळवला. बांधकाम खरोखर बेकायदा होतं, तरीही. ते आजही माझ्या मनाला लागतं.

आणि समोरच्याने नोटिशीला खुलासा दिला असेल, तर त्याचा विचार झाल्याचं आदेशात दिसलं पाहिजे. दिसत नसेल, तर खात्याला स्पष्ट लेखी कळव, नव्याने सुनावणी घ्यायला सांग. साहेब नाराज होतील. होऊ देत, घर पडणार आहे कुणाचं तरी.