एन्ट्री भरण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं वर्षाचं बॅडमिंटन स्पर्धांचं कॅलेंडर पाहिलं. फेब्रुवारी ते ऑगस्ट एकही महिना रिकामा नाही, आणि एप्रिलमध्ये तर लागोपाठ तीन आठवडे युरोपातले तीन देश. बाबांनी शेजारी पेन्सिलने खर्चाचा अंदाज मांडलाय, तोही पाहिला. तुला राग येईल, पण सरळच सांगते. यातल्या निम्म्या एन्ट्री काढून टाक.

जागतिक क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांवर चालते आणि त्यातले तुझे सर्वोत्तम दहाच निकाल धरतात. सुरुवातीला तुझ्याकडे दहा निकालच नसतात. त्यामुळे पहिल्या फेरीत हरलीस तरी थोडे गुण पडतात, क्रमांक वर सरकतो आणि घरात सगळे खूश. दहा भरले की हे थांबतं. मग जुना निकाल मागे टाकणारा मोठा निकाल लागतो, म्हणजे एकाच आठवड्यात दोन-तीन सामने जिंकावे लागतात. वर्ष उलटलं की मागचे गुण गळतात ते वेगळंच. मग मुली ते गुण राखायला पुन्हा त्याच स्पर्धेला धावतात, न सुधारता.

खालच्या पातळीवरच्या इंटरनॅशनल सिरीजला पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती बक्षिसाचे पैसे पडत नाहीत. विमान, हॉटेल, व्हिसा, एन्ट्री फी, सगळी पदरमोड. माझ्या हिशेबाने तुझ्या त्या एप्रिलच्या खर्चात पुण्यात काही महिने रोज एका तगड्या मुलाबरोबर स्पारिंग, फिजिओ आणि मनसोक्त शटल होतील. तू तिसऱ्या गेममध्ये १४-१४ नंतर ढेपाळतेस. ते विमानात बसून सुधारणार नाही. सलग सात-आठ आठवडे सराव, मग दोन किंवा तीन स्पर्धा, मग चार दिवस रॅकेटला हात नाही, असं वर्ष मांड. गुवाहाटी आणि कटकला सुपर १०० पातळीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, लखनौला त्याहून वरची सय्यद मोदी सुपर ३०० होते. ड्रॉमध्ये नाव लागतंय तिथे आधी खेळ. देशातल्या सीनियर रँकिंग स्पर्धा तर सोडूच नकोस. तिथल्या तिशीतल्या मुली तुला फुकटात जे शिकवतील ते परदेशातली सतरा वर्षांची पोरगी शिकवणार नाही.

तू सायनाचं उदाहरण दिलंस. २००८ ची ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्याच बालेवाडीत झाली आणि सायना नेहवाल ती जिंकली, हे खरं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती बीजिंग ऑलिंपिकची क्वार्टर फायनल खेळून आली होती. वयाने ज्युनिअर, खेळाने केव्हाच सीनियर. तुझं तसं नाही, बहुतेकांचं नसतं. अंडर-१९ संपल्यावर सीनियरमध्ये पाय रोवायला दोन-तीन वर्षं जातात. हा काळ हिशेबात धरूनच खर्च करायचा.

आता पुण्याबद्दल. खेळाचं एक जुनं नावच ‘पूना’, याचा आपल्याला केवढा अभिमान! त्याने पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता पुढे चाल, मिळत नाही एवढंच. पण पुण्यात सराव केल्याचा एक परिणाम खरंच होतो. शहर साधारण ५६० मीटर उंचीवर, हवा विरळ, शटल लांब पळतं. म्हणून आपण कमी नंबरचं, म्हणजे हळू जाणारं शटल वापरतो आणि मनगटाला त्याची सवय लागते. मोठ्या, गार एसी हॉलमध्ये शटल जड होतं. इथे बेसलाइनवर पडणारा तुझा बॅकहँड क्लिअर, म्हणजे मागे टाकलेला उंच फटका, तिथे कोर्टाच्या मधोमध लोंबतो आणि समोरची त्याचीच वाट बघत असते. म्हणून स्पर्धेच्या गावी दोन दिवस आधी पोच. सरावाला कोर्ट मिळालं की रॅली खेळत बसू नकोस. एका बाजूने दहा उंच क्लिअर मार, मग दुसऱ्या बाजूने दहा, आणि कुठे पडतात ते मोज. एका टोकाला एसीचा वारा पाठीवर येतो आणि शटल बाहेर जातं, दुसऱ्या टोकाला कितीही जोर लावला तरी आतच राहतं. जे टोक तुला अवघड जाईल तिथून पहिला गेम सुरू कर. तिसऱ्या गेमला ११ वर बाजू बदलते, म्हणजे शेवटचे दहा गुण तू सोयीच्या टोकावरून खेळतेस. टॉस जिंकून सर्व्हिस मागणाऱ्या पोरींना हे कोणी सांगत नाही का, देव जाणे.

शटलचाही खर्च बघ. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पिसं दोन रॅलींत मोडतात. आदल्या रात्री बॅरलची, म्हणजे शटलच्या नळकांड्याची, दोन्ही झाकणं काढून ते नळकांडं उकळत्या पाण्याच्या वाफेवर मोजून काही सेकंद धर, झाकणं लाव, सकाळी वापर. जास्त वाफ दिलीस तर शटल जड होतं. बूच ओलं होऊ द्यायचं नाही.

डबल्सचं तू उडवून लावलंस, ते मला आवडलं नाही. सिंगल्स जमलं नाही म्हणून डबल्स, हे जुन्या काळचं बोलणं. सात्त्विक रंकीरेड्डी आणि मालाडचा चिराग शेट्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये डबल्समध्ये जगात एक नंबरवर गेले. तुझी सर्व्हिस आणि नेटवरचा हात पाहता वर्षभर दोन्ही खेळून बघायला काय हरकत आहे?

गुडघ्याला इंजेक्शन घ्यायचं झालं तर डॉक्टरांना आधी सांग की तुझी डोप टेस्ट होऊ शकते. स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. सर्दीच्या साध्या गोळीतही स्यूडोएफेड्रिन असू शकतं, तेही बंदीच्या यादीत आहे. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून काही घ्यायचं नाही. जिममधल्या दादाने दिलेली पावडर तर नाहीच नाही. पाळीच्या तारखा लिहून ठेव आणि कोचला सांग. तो लाजत असेल तर लाजू दे, सरावाचं वेळापत्रक त्यानेच आखायचंय.

आणि नोकरी. रेल्वेच्या ट्रायल्सचं नाव काढलं की तू तोंड वाकडं करतेस. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची वेगळी भरती असते. दर महिन्याला पगार येणारी मुलगी पहिल्या फेरीत मोकळ्या हाताने खेळते, कारण हरली तर पुढच्या तिकिटाचं काय, हा प्रश्न तिच्या डोक्यात नसतो. तिथल्या वरच्या पदांना पदवी लागते, म्हणून बी.कॉम. सोडू नकोस. परीक्षेच्या तारखा स्पर्धांच्या आधी कॅलेंडरवर लिही.

बाबांशी एकदा बसून बोल. किती वर्षं आणि एकूण किती रुपये, हा आकडा दोघांनी मिळून ठरवा. ते स्वतःहून कधीच ‘पुरे’ म्हणणार नाहीत, पीएफ मोडतील पण म्हणणार नाहीत. हे ओझं त्यांच्यावर टाकू नकोस.

रविवारी सकाळी हॉलवर ये, नवीन कॅलेंडर घेऊन. एप्रिलमधला फार तर एक देश ठेव. कुठला, ते तूच ठरव. आणि रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांचा ताण, २९ पौंडांवर करून घेतलंयस म्हणे. खांदा दुखतोय तोवर २६ वर आण.

तुझी,
ताई