घरातल्या सुतारकामाच्या खोलीत हवेत उडणारी लाकडाची धूळ कशी आटोक्यात आणावी? एअर प्युरिफायर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये 10 बाय 12 ची एक खोली मोकळी आहे, शनिवार-रविवार तिथे सुतारकाम चालतं आणि आता 15,000 रुपयांचा एअर प्युरिफायर घ्यायचा विचार आहे. माझं म्हणणं, आत्ताच घेऊ नका. तो शेवटचा उपाय आहे आणि आपण सगळे तोच आधी विकत घेतो.

मी नेरुळला रो-हाऊसच्या मागच्या खोलीत काम करतो. पहिली दोन वर्षं माझी समजूत अशी की जमिनीवरचा भुसा गोळा केला की खोली स्वच्छ. मग एका दिवाळीच्या आधी आई समया घासायला बसली आणि तिने विचारलं, "ह्याच्यावर हे हळदीसारखं काय बसलंय रे?" देवघर दोन खोल्या पलीकडे. दार लावून काम करायचो. त्या आठवड्यात मी सागवानाची एक फळी सँडरने, म्हणजे पॉलिश पेपर लावून लाकूड घासायच्या मशीनने, घासली होती.

पायाखाली दिसतो तो भुसा निरुपद्रवी. जड असतो, पडतो, झाडता येतो. त्रास बारीक धुळीचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर 10 मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला स्तब्ध हवेतसुद्धा दहाएक मिनिटं घेतो, आणि 1 मायक्रॉनचा बारा-तेरा तास. म्हणजे तुम्ही दुपारी चारला सँडर बंद केलात तरी रात्री झोपताना तो कण घरात तरंगतोच आहे. वर पंखा चालू असेल तर विचारायलाच नको. खात्री करायची असेल तर काम थांबवल्यावर दहा मिनिटांनी पडदा ओढून एक फट ठेवा आणि आत येणाऱ्या कवडशात बघा. लहानपणी वाड्यात किंवा चाळीत हा खेळ आपण गंमत म्हणून बघायचो.

घाबरवायचं नाहीये, पण माहीत असावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. तो प्रामुख्याने नाकाचा आणि सायनसचा. हे पुरावे वर्षानुवर्षं फर्निचरच्या कारखान्यांत राबलेल्या कामगारांचे आहेत, रविवारी स्टूल बनवणाऱ्याचे नाहीत. आपल्याला आधी भेटतात शिंका, चोंदलेलं नाक, सागवान-शिसवीने उठणारी खाज. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या बोर्डाच्या, धुळीत वर फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असलेला डिंकही असतो.

म्हणून पहिला उपाय यंत्राचा नाही, कामाच्या पद्धतीचा. रंध्याने निघतात त्या ढलप्या, त्या पायाशी पडतात. सँडरने निघतं ते पीठ, ते हवेत जातं. धारदार रंधा आणि पोलादी स्क्रेपर वापरायला शिकल्यापासून माझं घासणं निम्म्यावर आलं. जुने मिस्त्री फुटक्या काचेच्या धारेने लाकूड खरवडायचे, तेही हेच. प्लाय आणि एमडीएफ मी घरी कापतच नाही. पॅनेल सॉ, म्हणजे मोठे बोर्ड कापायची करवत, असलेल्या दुकानातून मापाने कापून आणतो. पैसे थोडे जास्त जातात, पण ती धूळ दुकानातच राहते.

जे घासावंच लागतं त्याची धूळ जिथे निघते तिथेच पकडा. सँडरच्या मागची कापडी पिशवी ही निव्वळ शोभा आहे. ती काढा आणि व्हॅक्यूमचा पाइप जोडा. पॉलिश पेपरची भोकं सँडरच्या तळाच्या भोकांवर नीट बसवा. वाकडी बसली तर कितीही ओढ असून उपयोग नाही. व्हॅक्यूममध्ये नुसता फोमचा फिल्टर असेल तर तो जाड भुसा पोटात ठेवतो आणि बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत फवारतो, म्हणजे होती त्यापेक्षा वाईट अवस्था. आत बारीक कागदी पिशवी आणि हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर, हवाच. पाइपच्या वाटेत पेंटच्या 20 लिटरच्या बादल्यांचा चक्रीवाला सेपरेटर बसवा. हवा आत गोल फिरते, बराचसा भुसा बादलीतच पडतो आणि महागडा फिल्टर चोंदत नाही. माझी पहिली बादली पातळ होती. एकदा पाइपचं तोंड फळीला चिकटलं आणि बादली भाजलेल्या पापडासारखी आत दुमडली, वर असा आवाज की शेजारचे काका गच्चीवरून डोकावले. जाड बादली घ्या. आणि ह्याच व्हॅक्यूमने ग्राइंडरच्या ठिणग्या कधीही ओढू नका. पिशवीतला भुसा आतल्या आत धुमसत राहतो आणि ते आपल्याला उशिरा कळतं.

टेबल सॉचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीचा, विचार फ्लॅटमध्ये सोडाच. त्याला 4 इंची पाइप आणि मोठा डस्ट कलेक्टर लागतो, आणि त्याच्या आवाजाने सोसायटीची तातडीची सभा भरेल.

मास्क एन-95 किंवा आयएस 9473 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला एफएफपी-2. हातरुमाल आणि निळा सर्जिकल मास्क ह्या कामाचे नाहीत. दाढी असेल तर कडेने हवा आत येते, मास्क नावालाच राहतो. आणि बहुतेक जण एक चूक करतात, मीही करायचो: मशीन बंद झाली की मास्क गळ्यात. हवेत सगळ्यात जास्त धूळ तेव्हाच असते! मास्क तसाच ठेवून खोलीबाहेर पडा. मे महिन्यात हे सांगणं सोपं, करणं कठीण, मला मान्य आहे. छताचा पंखाही तेव्हा बंदच लागतो.

हे सगळं झाल्यावर मग हवा गाळायची. 10 बाय 12 ची खोली, 9 फूट उंची, म्हणजे 1,080 घनफूट. तासाला दहा वेळा हवा गाळून निघायला मिनिटाला 180 घनफूट हवा ओढणारं काहीतरी हवं. 2020 मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल ह्या अमेरिकनांनी करोनाच्या काळात पंख्याला चार-पाच फिल्टर चिकटवून एक खोका बनवला होता. मी तोच प्लायमध्ये केला: चार बाजूंना एसीच्या डक्टचे मर्व्ह 13 दर्जाचे (मर्व्हचा आकडा जितका मोठा तितकी बारीक धूळ अडते) घडीचे फिल्टर, वर 12 इंची एक्झॉस्ट फॅन. फिल्टर चार घेतले म्हणून ओढ कमी पडत नाही. काम संपल्यावर तासभर चालू ठेवतो.

नुसता खिडकीत एक्झॉस्ट लावायचा असेल तर आधी बघा की बाहेर कोणाचे कपडे वाळत आहेत. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात दुपारी वारा खाडी-समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून बाहेर फेकणं बरं. डिसेंबर-जानेवारीत बाहेरची हवाच इतकी खराब असते की ती आत घेण्यात अर्थ नसतो.

झाडताना कोरडा झाडू नको. जाड भुसा पाण्याने किंचित ओला करून जमिनीवर पसरा आणि मग झाडा, बारीक धूळ त्याला चिकटून येते. पावसाळ्यात मात्र भरलेली बादली तशीच ठेवू नका, आठवड्यात बुरशी धरते.

प्युरिफायर मागवूनच बसला असाल तर तो कामाच्या खोलीत ठेवू नका, तिथे फिल्टर लवकर चोंदेल. शेजारच्या झोपायच्या खोलीत ठेवा, दाराजवळ. सँडर कोणता आहे ते कळवा, त्याच्या तोंडाला कोणता पाइप बसेल ते बघून सांगतो.